ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा: झाल्या की आठ मात्रा!

दिवाळी संपली की शाळांमध्ये गॅदरिंगची गडबड सुरू होते आणि या सदराकडे नाचाचेच प्रश्न जास्त यायला लागतात. यावेळी जवळजवळ सगळेच पहिली ते चौथीच्या मुलांबद्दलचे आलेत, म्हणून पूर्ण सदर त्यालाच दिलंय. मी ठाण्यात गेली बावीस वर्षं लहान मुलांना ताल आणि नाच शिकवतेय, तेवढ्या अनुभवावरून लिहिते. पत्रं लांब होती, ती थोडक्यात छापलीत आणि नावं मुद्दाम काढून टाकलीत.

ताई, मी कळव्याच्या एका शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात ५२ मुलं, हॉल नाही, मैदानाचं पार्किंग झालंय. यावर्षी मला आठवड्यातून एक तास नाच आणि हालचालींचा दिलाय आणि मी आयुष्यात कधी नाच शिकलेली नाही. बाकं हलत नाहीत, खालच्या वर्गातल्या बाई आवाजाची तक्रार करतात. सुरुवात कुठून करू?

बाई, तुम्ही कळव्याच्या आहात ना, मग कळव्यापासूनच करूया.

मुलांना म्हणा, ट्रेनची स्टेशनं सांगा. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा. आता प्रत्येक तुकड्याला एक टाळी, ठा-णे, कळ-वा, मुंब-रा, दि-वा. मोजा, आठ झाल्या. तबलेवाले ज्याला केहरवा म्हणतात तो हाच आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा ताल, धा गे न ती, न क धि न, आणि आपल्याकडची निम्मी गाणी याच्यावरच चालतात. मुलांना केहरवा हा शब्द लगेच सांगायची गरज नाही, त्यांनी चार स्टेशनं न अडखळता आठ-दहा वेळा गोल गोल म्हटली की ताल त्यांच्या अंगात गेलेलाच असतो, नाव नंतर कधीही सांगता येतं. आणि तुम्हाला नाच येत नाही याचं टेन्शन घेऊ नका, पहिली-दुसरीला शिकवणाऱ्याला ताल ऐकू आला पाहिजे, एवढं पुरतं, आणि तुम्ही रोज ५२ मुलांकडून पाढे म्हणून घेता म्हणजे तो तुम्हाला ऐकू येतोच, 'बे दुणे चार' सगळा वर्ग एकत्र म्हणतो तेव्हा तिथे ताल नाहीतर दुसरं काय असतं?

पहिल्या तासाला एवढंच करा. दुसऱ्या तासाला 'ठा' वर बाकावर हलकीशी थाप आणि बाकीच्या सात जागी दोन बोटांनी दुसऱ्या तळहातावर टाळी. या दोन बोटांच्या टाळीचा आवाज खाली जात नाही, आणि दुसरा फायदा म्हणजे ती ऐकायला मुलांना गप्प बसावं लागतं. ५२ मुलं दोन बोटांनी टाळ्या वाजवतात ना, तेव्हा पत्र्यावर पाऊस सुरू झाल्यासारखा आवाज येतो, मुलं स्वतःच तो ऐकत राहतात. ती 'ठा' वरची थाप म्हणजे सम, जिथे फिरून परत यायचं ती जागा. लहान मुलाला सम सापडली की त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, तुम्ही बघालच.

तिसऱ्या तासाला गंमत करा. सांगा की आता फास्ट लोकल आहे, ती कळवा-मुंब्रा घेत नाही. म्हणजे 'ठा-णे' ला दोन टाळ्या, मग कळवा आणि मुंब्रा मनातल्या मनात, हात गप्प, आणि 'दि-वा' ला परत दोन टाळ्या. पहिल्यांदा निम्मा वर्ग मुंब्र्यालाच दिव्याची टाळी वाजवून मोकळा होईल, कारण शांतता आली की मुलांना वाटतं आपलं काहीतरी राहिलंय आणि ती पुढे पळतात. रागवू नका, तीच शिकण्याची जागा आहे. गप्प असताना ताल आत चालू ठेवणं हे नाचातलं सगळ्यात अवघड काम आहे, मोठ्या मुलींना सुद्धा स्टेजवर ते जमत नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं हा खेळ ठेवा, साधारण महिन्याभराने एक दिवस सगळा वर्ग एकाच क्षणी दिव्याला पोचेल.

पायांची वेळ याच्यानंतर. बाकांच्या मधे उभं राहायला जागा आहे ना, मग जागच्या जागी डावा-उजवा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायचं, पाऊल फार उचलायचं नाही. ते जमलं की स्टॅच्यू, तुम्ही डफली वाजवताय तोपर्यंत जागेवर चालायचं, थांबली की पुतळा. डफली नसेल तर स्टीलची थाळी आणि लाकडी चमचा घ्या. स्पीकर मात्र सुरुवातीला अजिबात आणू नका, कारण गाणं मुलांसाठी थांबत नाही आणि डफली थांबते, तुम्ही वर्गाकडे बघून लय थोडी कमी-जास्त करू शकता, हे मशीन करू शकत नाही.

पाय अनवाणी ठेवा. मोज्यांवर लादीवर मुलं घसरतात, बुटांनी आवाज होतो. आणि पावसाळ्यात दाराजवळची लादी आधी पुसून घ्या.

एक राहिलं, हे तुमच्यासाठी नाही पण वाचणारे बरेच जण नवी मुंबईतले आहेत म्हणून सांगते. ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लाइनची स्टेशनं म्हटली तर वेगळाच ताल निघतो. मी ऐरोली, रबाळे असं करून घेत होते, तीन-तीन, म्हणजे सहा मात्रांचा दादरा, तर एका मुलीने मला थांबवलं की टीचर, आता ऐरोलीच्या आधी दिघा गाव पण आहे. बरोबर होतं तिचं, ते स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. आणि मजा बघा, दि-घा-गाव, ऐ-रो-ली, र-बा-ळे, घण-सो-ली, चारही तीन तीनची, दादऱ्याची दोन आवर्तनं, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, बिनचूक. पुढे को-पर-खैर-णे आलं की चार होतात आणि गाडी रुळावरून घसरते, ते मुलांना स्वतः शोधू दे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'खैर' घाईत उरकून ते तीनात बसवलं होतं.

माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, ऐरोलीला शाळेत आहे. डान्समध्ये त्याला नेहमी शेवटच्या रांगेत ठेवतात. टीचर म्हणाल्या की याला लयच नाही. घरी गाणं लावलं की मस्त नाचतो. खरंच काही मुलांना लय नसते का?

दादा, घरी गाणं लावल्यावर जो मुलगा नाचतो त्याला लय नाही असं मी तरी म्हणणार नाही.

माझ्याकडे असाच एक मुलगा होता, तिसऱ्या रांगेतला, प्रत्येक टाळी अर्ध्या मात्रेने मागे. दोन आठवडे मलाही वाटत होतं की याला कमीच ऐकू येतंय. मग एक दिवस मी त्याच्या हातांकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. तो तबला ऐकतच नव्हता, शेजारच्या मुलीचा हात बघत होता. तिचा हात हलला की याने हलवायचा, म्हणजे उशीर होणारच, बघून वाजवलेली टाळी कायम मागे पडते. मी सगळ्या वर्गाला डोळे मिटायला सांगितले आणि परत सुरू केलं, तर पाचव्या-सहाव्या टाळीला तो बरोबर होता. चुकीची भीती वाटणारी मुलं ऐकायचं सोडून बघायला लागतात, आणि आपण शेवटच्या रांगेत टाकलं की ते आणखी वाढतं कारण आता बघायला समोर चार रांगा मिळाल्या.

घरी एक करून बघा. त्याला हॉलमध्ये नुसतं चालायला सांगा, त्याच्या मनाने, आणि तुम्ही टेबलावर त्याच्या पावलांबरोबर टकटक करा. म्हणजे आधी तुम्ही त्याच्या लयीत जायचं, तो तुमच्या नाही. दोन मिनिटांनी टकटक किंचित हळू करा आणि बघा तो बदलतो का, बहुतेक बदलेल. लहान मुलांची स्वतःची चाल आपल्यापेक्षा फास्ट असते, म्हणून आपण 'सोपं व्हावं' म्हणून गाणं स्लो करतो ते त्यांना उलट जड जातं, एवढा वेळ पाय हवेत धरायचा म्हणजे तोल लागतो. सात वर्षांच्या मुलाला मध्यम-जलद सोपं, संथ अवघड.

अजून एक. पाय बदलत लंगडीसारखं उड्या मारत पुढे जाणं, टीचर ज्याला स्किपिंग स्टेप म्हणतात, ते काही मुलांना पाचव्या वर्षी येतं तर काहींना सातव्या वर्षी, दोन्ही नॉर्मल आहे. घोड्याची दौड, म्हणजे एकच पाय कायम पुढे, ती त्याच्या आधी येते. ती येत असेल तर हे पण येईल.

तो पाठमोरा असताना हाक मारली तर वळत नसेल, टीव्ही मोठ्याने लावत असेल, तर मात्र एकदा कान तपासून घ्या, हे लयीशिवायही गरजेचं आहे. आणि टीचरना शांतपणे भेटून एवढंच विचारा की रांगा दर आठवड्याला फिरवता येतील का, पुढची मागे आणि मागची पुढे. माझ्या वर्गात कुणाचीच जागा कायमची नसते. हे मागणं तुमच्या एकट्याच्या मुलासाठी नाही, सगळ्या वर्गासाठी आहे, असंच सांगा म्हणजे त्याही ऐकतील.

कोपरखैरणेला तिसरीच्या ३० मुलांचा गॅदरिंगचा डान्स माझ्याकडे आहे. पालकांना लेटेस्ट फिल्मी गाणं हवंय. मी व्हिडिओ बघून स्टेप्स बसवल्या पण दोघी-तिघींनाच येतं, बाकी सगळे त्यांच्याकडे बघत करतात. दीड महिना आहे. काय करू?

व्हिडिओ बंद करा, आधी हे. त्यात नाचणारी माणसं मोठी असतात, दर दोन सेकंदांनी कॅमेरा बदलतो, समोरून बघताना डावं-उजवं उलटं होतं, आणि तीन मिनिटांत तीस-चाळीस वेगवेगळ्या स्टेप्स असतात. आठ वर्षांच्या मुलाला आनंदाने लक्षात राहतात पाच-सहा. म्हणून तुमच्या त्या दोघी-तिघी पाठांतर करतायत आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून, यात मुलांची चूक शून्य आहे.

आणि गाण्याबद्दल स्पष्टच लिहिते. ज्या गाण्यातल्या शब्दांचा अर्थ तुम्ही वर्गात मुलांना सांगू शकणार नाही त्या गाण्यावर त्यांना कंबर हलवायला लावू नका. पालक मागतात हे खरं आहे, पण पालक सभेत गाण्याचे शब्द छापून वाटले की बरेच पालक स्वतःच नको म्हणतात, हे मी दोनदा करून बघितलंय.

तुम्ही कोपरखैरणेत आहात. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, त्यानंतर हे नोड आणि सेक्टर झाले, त्याच्या आधीपासून इथे आगरी-कोळी गावं आहेत आणि अजून आहेत, कोपरखैरणे, घणसोली, दिवाळे, करावे, सारसोळे. तुमच्या ३० मुलांत दोन-चार तरी त्या गावांतली असणार. मग त्यांच्या घरून शिका ना! कोळी डान्स म्हणून जो गॅदरिंगला दिसतो त्यात मुलं हवेत हात फिरवतात आणि त्याला वल्हं म्हणतात. मी पण तसंच बसवलं होतं. मग एका विद्यार्थ्याच्या आजी रिहर्सलला आल्या, आयुष्यभर मासळी विकलेली बाई, त्यांचा नवरा बोटीवर. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि उठून आल्या. म्हणाल्या हाताने कुठे वल्हवतात, पाय टेकायला पाहिजे, कमरेने मागे जायचं, हात नुसते धरायला. त्यांनी एक पाऊल पुढे रोवलं, गुडघा वाकवला आणि सगळं अंग मागे नेलं, आणि त्या क्षणी आमच्या त्या कॉरिडॉरमध्ये खरंच होडी आहे असं वाटलं. तीन मात्रा ओढायचं, तीन मात्रा परत यायचं, सहाचा झोका आपोआप. मग डोक्यावर पाटी घेऊन चालणं दाखवलं, मान स्थिर आणि सगळी हालचाल खाली. मुलांनी डोक्यावर दप्तर ठेवून ती चाल केली. त्या वर्षी मला एकही स्टेप 'बसवावी' लागली नाही.

तर तुम्हाला पाच हालचाली लागतील. वल्हं, पाटीची चाल, जाळं फेकणं, जाळं ओढणं, आणि मुलांनी स्वतः काढलेली एखादी, ती बाजारातली, भाव करण्याची, काहीही असू दे. प्रत्येक आठ वेळा, मग दिशा बदलून परत आठ वेळा. एकदा गोल, एकदा दोन रांगा समोरासमोर, एकदा सगळे प्रेक्षकांकडे. तीन मिनिटं भरतात. गाणं कोळीच पाहिजे असं पण नाही, नुसत्या ढोलकीवर केलं तरी चालतं, मला तर ते जास्त आवडतं.

प्रॅक्टिस रोज पंधरा मिनिटं करा, शनिवारी दोन तास नको, पहिल्या अर्ध्या तासानंतर मुलांच्या अंगात काही जात नाही. भाड्याचे ड्रेस असतील तर निदान एक रिहर्सल ड्रेसमध्ये करा, कारण लुगड्यात पाऊल छोटं पडतं आणि त्या दिवशी ऐनवेळी मुली अडखळतात. आणि कार्यक्रम वाशीच्या भावे नाट्यगृहासारख्या मोठ्या ठिकाणी असेल तर मुलं स्टेज बघून बावरतात, वर्गात ती जिथे चार पावलांत पोचायची, त्यापेक्षा तिथली मोकळी जागा दुप्पट वाटते. शक्य असेल तर कुणीतरी आधी जाऊन स्टेजची रुंदी पावलांनी मोजून या आणि शाळेच्या गच्चीवर खडूने तेवढाच चौकोन आखा.

नात ५ वर्षांची. सून म्हणते आत्ताच कथक नाहीतर भरतनाट्यमला घालू, लवकर सुरू केलं तर लवकर परीक्षा होतील. मला वाटतं घाई होतेय. — एक आजी, नौपाडा

आजी, मला तुमचं पटतंय. भरतनाट्यममधलं अर्धमंडल, गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, किंवा कथकच्या तत्कारात तळपाय एकसारखा आपटत राहणं, याला पायात आणि पाठीत थोडी ताकद लागते, आणि लक्ष एका जागी टिकावं लागतं. सात वर्षांच्या आसपास ते बऱ्यापैकी येतं. त्याच्या आधी घालायचंच असेल तर वर्गात जाऊन बघा की फरशी कसली आहे, नुसत्या सिमेंटवर पाय आपटून घेतात का, आणि पाच वर्षांच्या मुलीला सलग तासभर उभं करतात का. परीक्षा कुठे पळून जात नाहीत, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुली दहाव्या-बाराव्या वर्षीसुद्धा पहिल्यांदा बसतात, त्यांचं काही अडत नाही.

आणि तोपर्यंत तिची गुरू घरातच आहे की. तुम्ही झिम्मा, फुगडी, कोंबडा, पिंगा खेळला असाल. फुगडीत हात तिढा घालून धरायचे, पायाची बोटं जुळवायची आणि मागे झुकायचं, समोरचीने तुमचं वजन धरलंय या भरवशावर. वजन सोडणं आणि सांभाळणं हा धडा मी मोठ्या मुलींना शिकवायला महिने घालवते. नातीबरोबर तुम्ही खुर्चीत बसून झिम्म्याच्या टाळ्या घेतल्या तरी चालेल, आधी आपली टाळी मग समोरचीची. नवरात्रात सोसायटीत भोंडला होत असेल तर तिला फेरात घ्या, हत्तीच्या चित्राभोवती गाणं म्हणत सगळ्यांबरोबर एका पावलाने गोल फिरणं हे पाच वर्षांच्या मुलीसाठी पुरेसं नृत्यशिक्षण आहे.

चौथीतली मुलं म्हणतात डान्स मुलींचा असतो, आम्ही नाही करणार. — शिक्षक, वर्तकनगर

सर, त्यांना डान्स शब्दच सांगू नका. लेझीम हातात द्या. 'चार आवाज' या साध्या प्रकारापासून सुरू करा, लेझीमची गोम अशी आहे की चुकलं की लगेच कानाला कळतं, कुणी सांगावं लागत नाही, आणि मुलांना हे फार आवडतं. नंतर दिंडीतली पावली घ्या, टाळ-मृदंगावर पावलं टाकत जाणारे आजोबा वारीत बघितले नाहीत असा मुलगा तुमच्या वर्गात कमीच असेल. मग तारपा. वारली चित्रातला तो गोल मुलांनी पुस्तकात पाहिलेला असतो, तो नाच आहे आणि तो आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातला आहे, २०१४ ला पालघर वेगळा झाला एवढंच. त्यात बाई-पुरुष एकमेकांना धरून एकाच साखळीत नाचतात. आधी चित्र फळ्यावर काढायचं, मग मुलांनी तसं उभं राहायचं, साखळी न तुटता गोल आत आत न्यायचा आणि परत बाहेर सोडवायचा. साखळी तुटली तर तिथूनच परत सुरू. माझ्या अनुभवात चौथीचे सगळ्यात दांडगे मुलगे यात सगळ्यात सांभाळून चालतात, कारण त्यांच्यामुळे तुटलेली त्यांना चालत नाही.

ताई, मी नेरूळला डीएलएडच्या (शिक्षकांच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात डॅलक्रोझ, लाबान, ऑर्फ अशी नावं येतात. आपल्या शाळांत त्याचा खरंच काही उपयोग आहे का?

अगं आहे, पण नावांना घाबरू नकोस. डॅलक्रोझ हा जिनिव्हाला संगीत शिकवायचा, १८९२ पासून. त्याच्या लक्षात आलं की विद्यार्थी कागदावर सगळं बरोबर लिहितात पण वाजवताना लय सुटते, म्हणून त्याने त्यांना उठवून संगीतावर चालायला लावलं, ताल आधी अंगात मग बोटात. वर स्टेशनांचं जे लिहिलंय ते याच वाटेवरचं आहे. कार्ल ऑर्फ १९२४ पासून म्युनिकच्या एका शाळेत काम करत होता, त्याने बोलणं, टाळ्या, हालचाल आणि साधी वाद्यं एकत्र आणली. लाबानने १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये शाळेतल्या नाचावर पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं स्टेप शिकवू नका, हालचालीचे गुण शिकवा, जड की हलकी, झटक्यात की सावकाश, सरळ की वळणाची, बांधलेली की मोकळी. हे तर उद्या वर्गात करता येतं. मुलांना सांग की पोत्यासारखं चाला, मग पिसासारखं, मग पोतं घेऊन लोकल पकडायची आहे असं, आणि बघ चाळीस मुलं चाळीस प्रकारांनी चालतात की नाही.

आपल्याकडचंही वाच. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये सिल्हटला मणिपुरी नाच बघितला आणि मग शांतिनिकेतनच्या मुलांसाठी मणिपुरी गुरू बोलावले, त्या काळात भल्या घरच्या मुलांनी नाचायचं ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. आणि ताराबाई मोडक. त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला, आणि साधनं गावात मिळणाऱ्या वस्तूंची केली. तुझ्या पाठाच्या वेळी डफली नाही, स्पीकर नाही म्हणून अडून बसायची वेळ आली की ताराबाईंचं हे आठव, आजूबाजूला करवंटी, खराटा, पाण्याचा ड्रम काय आहे ते बघ.

पाठ घेताना एकच सांभाळ, निरीक्षक मागे बसलेत म्हणून 'सुंदर दिसणारा' पाठ घेऊ नकोस. मुलं गोंधळली, चुकली, हसली तरी चालेल.

माझी मुलगी पहिलीत आहे, तिला ऐकू कमी येतं, मशीन लावते. घणसोलीच्या साध्या शाळेतच जाते. डान्सच्या तासाला तिला बाजूला बसवतात. ती नाचू शकेल का?

हो, नाचू शकेल. तिला बाजूला बसवणं मला मनापासून चुकीचं वाटतं आणि तुम्ही हे पान त्या शिक्षकांना दाखवलं तरी माझी हरकत नाही.

ताल कानातून येतो तसा पायातून आणि छातीतूनही येतो. गणपतीत ढोल-ताशा जवळून गेला की पोटात जाणवतं ना, तसं. मोठा, खालचा आवाज असलेलं वाद्य निवडायचं, ढोल किंवा मोठा डफ, बारीक घुंगरं नाहीत. ते लाकडी चौथऱ्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवायचं आणि तिला त्याच लाकडावर अनवाणी उभं करायचं, थाप पायातून वर येते. लादीवर हे फारसं होत नाही. माझ्याकडे अशी एक मुलगी होती, तिला आम्ही जुन्या स्टेजच्या फळ्यांवर उभं केलं, पहिल्या थापेला तिने खाली वाकून पायाखाली बघितलं, की कोण मारतंय, आणि मग तिथेच बसून दोन्ही हात फळीवर टेकले. बाकीच्या मुलांनी तिचं बघून हात टेकले आणि तो पूर्ण तास आम्ही तसाच घेतला, जमिनीला हात लावून ताल 'ऐकायचा'. त्या दिवशी ती वर्गात सगळ्यांच्या पुढे होती कारण बाकीच्यांना ते जाणवायला वेळ लागला.

शिक्षकांना सांगा की सुरुवात आणि थांबणं हाताच्या खुणेने दाखवा, सगळ्या वर्गालाच, म्हणजे तिच्यासाठी वेगळं काही केल्यासारखं वाटत नाही. तिच्याशी बोलताना तोंड तिच्याकडे असू दे, फळ्याकडे नको. वर मी लिहिलं की बघून करणारी मुलं मागे पडतात, तिला मात्र बघायची गरज आहे, म्हणून तिला पुढच्या रांगेच्या टोकाला ठेवा, तिथून डफ वाजवणारा हात सरळ दिसला पाहिजे, हात खाली यायच्या आधी वर जातो आणि ती ते बघून तयार राहते.

घरी फुगा फुगवा आणि स्पीकरजवळ तो तिच्या दोन्ही तळहातांत धरायला द्या, गाण्यातला ठेका फुग्याच्या पातळ रबरातून हाताला लागतो. फुगा पूर्ण टाइट फुगवू नका मात्र, हातात फुटला तर ती पुढचे बरेच दिवस धरणार नाही.